शेवटचं काय केलंत?

पट्टीताईचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, मी तिचे गोडवे गायला बसलोय. बारा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. काचेच्या दुकानावरच्या मजल्यावर माझं घरांचे आराखडे करायचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे आम्ही दोघंच. मी मालक आणि इंजिनिअर, ती ड्राफ्टिंग करणारी. ती तिचं काम माझ्या कामापेक्षा चांगलं करायची, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. राग त्याचाच होता.

पट्टीताई हे तिचं नाव नाही. तिच्या पिशवीत कायम एक तीन धारांची लाकडी मोजपट्टी असायची, आकडे पुसट झालेली, म्हणून ते नाव पडलं. तिचा नवरा स्कूलबस चालवायचा. एरवी फार न बोलणारा माणूस, पण एकदा ऑफिसात आला तेव्हा मला म्हणाला, "साहेब, घरात मी एक खिळा ठोकला तरी ही मागून पट्टी घेऊन हजर असते. खिळा सरळ आहे म्हणायला हिला अर्धा दिवस लागतो."

तिने सुरुवात केली ती ट्रेसिंग कागदावर, शाईच्या पेनाने. रेघ चुकली की ब्लेडने शाई खरवडायची, कागद फाटणार नाही इतक्या हलक्या हाताने. एका चुकीला अर्धा तास जायचा, म्हणून चुकाच कमी व्हायच्या, असं तिचं म्हणणं. कॉम्प्युटर आला तेव्हा तिची चाळिशी जवळ आली होती. सहा महिन्यांत ती त्यात अशी काही रुळली, की आसपासच्या दहा-बारा ऑफिसांतून तिला रोज फोन यायला लागले. मी त्याला फुकटचा दवाखाना म्हणायचो.

तक्रारी ठरलेल्या असायच्या. छप्पर गायब झालं. भिंतीचे कोपरे जुळत नाहीत. जिना वरच्या मजल्यापर्यंत पोचतच नाही. प्रिंट काढली तर अख्खं घर काडेपेटीएवढं आलं. फोनवरचा माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालत असायचा आणि ताई शांतपणे एकच प्रश्न विचारायची.

"शेवटचं काय केलंत?"

"काहीच नाही केलं हो. आपोआप झालं."

"काही न करता काही होत नाही. आठवून सांगा, मी थांबते."

मग त्या माणसाला आठवायचं. छप्पर ज्या थरावर काढलं होतं, तो थर स्क्रीनवर दिसायचा आपणच बंद केला होता. मजल्याची उंची बदलली आणि जिना मात्र जुन्याच उंचीचा ठेवला. प्रिंट काढताना 'कागदात मावेल असं' या खुणेवर टिचकी मारली होती. दहातल्या नऊ वेळा रोग शेवटच्या दोन मिनिटांतच सापडायचा. ताई ते सगळं एका जाड वहीत उतरवून ठेवायची. चार रकाने होते. काय झालं, का झालं, काय केलं, आणि शेवटचा रकाना, कुणी. नावं लिहायची काय गरज आहे, असं मी एकदा विचारलं. "परत फोन आला तर माणूस ओळखीचा असलेला बरा," ती म्हणाली. खोच वगैरे काही नव्हती तिच्या बोलण्यात. खोच मला लागायची.

एका बाबतीत मात्र ती कुणाला माफ करायची नाही. प्रोग्रॅममध्ये दोन भिंतींमधलं अंतर विचारलं की तो स्वतः मोजतो आणि आकडा लिहितो. पण त्या आकड्यावर दोनदा टिचकी मारली तर आपल्याला हवा तो आकडा तिथे टाइप करता येतो. भिंत जागची हलत नाही, आकडा मात्र बदलतो. कागदावर सगळं देखणं दिसतं. "आकड्याला हात लावायचा नाही," ती नवीन माणसाला पहिल्याच फोनवर बजावायची. "भिंत हलवा. आकडा आपला आपण बदलतो."

आता त्या दिवसाकडे येतो.

आमचं एक काम चालू होतं, शिवणवाल्या बाईंचं. त्या घरी शिवणाचा वर्ग घ्यायच्या. दोन वर्षांपूर्वी माळ्यावरून पडल्या, मणक्याला मार बसला, आणि तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत. वर्ग वरच्या मजल्यावर होता, तो बंद पडला. त्या खाली बैठकीत पडद्याआड झोपायच्या. दिराने एकदा त्यांना उचलून वर नेलं होतं, तर त्यांनी सांगितलं, "यापुढे मला पोत्यासारखं उचलायचं नाही. मी माझी जाईन, नाहीतर जाणार नाही." म्हणून घरामागे नवं दुमजली बांधकाम काढलं होतं. खाली झोपायची खोली, वर शिवणाचा वर्ग, आणि दोन्हींच्या मधून छोटी घरगुती लिफ्ट. लिफ्टच्या कंपनीला मधल्या स्लॅबमध्ये एकशे चाळीस सेंटिमीटर रुंद मोकळी जागा हवी होती. कंपनीने आमच्या कागदावरचा एकशे चाळीसचा आकडा बघून लिफ्ट तयार करून ठेवली होती.

तो स्लॅब त्या दिवशी दुपारी तीन वाजता पडणार होता. त्याआधी एकदा लिफ्ट कशी दिसेल ते चित्र बघायचंय, असा बाईंचा हट्ट होता. मी दोनदा पुढे ढकललं होतं, म्हणून शेवटी त्या स्वतःच रिक्षा करून बारा वाजता आल्या. आमचा जिना अरुंद. काचेच्या दुकानदाराने त्यांना खाली आरशांच्या मधोमध जागा करून दिली, आणि वर आमची धांदल उडाली.

कारण चित्र होईना. ताईने कंपनीकडून आलेली लिफ्ट आराखड्यात बसवली की समोरच्या भिंतीचा तुकडा गायब व्हायचा आणि लाल अक्षरांत निरोप यायचा, की वस्तू जागेत मावत नाही.

"बंद करून परत चालू कर," मी म्हणालो.

तिने केलं. भिंत पुन्हा गायब.

"फाईल खराब झाली असेल. कालची उघड."

कालच्या फाईलमध्येही तेच. मग मी प्रोग्रॅमवर घसरलो, मशीनवर घसरलो, लिफ्ट कंपनीवर घसरलो. "तो निरोप बंद कर आणि भिंत नुसती रंगवून दाखव," असंही म्हणालो. "बाईंना चित्र बघायचंय, भिंतीचं पोस्टमार्टेम नाही करायचं."

"साहेब, तो अडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय," ताई म्हणाली. "ऐकून तर घेऊ."

तिने लिफ्ट काढून टाकली. मग प्रोग्रॅमची नवी मोजणी घेतली, मोकळ्या जागेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. स्क्रीनवर आकडा आला, एकशे अठ्ठावीस. त्याच्या बरोबर वर आमचा जुना आकडा होता, ठळक, एकशे चाळीस. एकाच जागेला दोन मापं.

मला सगळं आठवलं. खरं तर आठवायला मी विसरलोच कधी होतो.

चार महिन्यांपूर्वी लिफ्ट कंपनीचं पत्र आलं, की एकशे अठ्ठावीस पुरणार नाही, एकशे चाळीस करा. ताई त्या आठवड्यात रजेवर होती, तिच्या नणंदेचं ऑपरेशन होतं. संध्याकाळपर्यंत नवा कागद पाठवायचा होता. मी भिंत हलवली. त्याबरोबर कोपरे सुटले, वरचं छप्पर अर्धं नाहीसं झालं, जिना हवेत लटकला. दीड तास झटलो, जमेना. शेवटी सगळं मागे घेतलं, आकड्यावर दोनदा टिचकी मारली आणि टाइप केलं, एकशे चाळीस. वेळ मारून नेली. ताई आली की तिला सांगू, ती व्यवस्थित करेल, असं ठरवलं होतं. ती आली, आणि मी सांगितलं नाही. पहिले आठ दिवस रोज जिभेवर यायचं. पण सांगितलं असतं तर त्या वहीत माझं नाव गेलं असतं. पुढे मग तो विषय मी टाळत राहिलो.

ताईने खुर्ची वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, या फाईलमध्ये तुम्ही शेवटचं काय केलंत?"

"मी? काहीच नाही."

बारा वर्षं ज्या उत्तराला मी फोनच्या या बाजूने हसत आलो होतो, ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं. ऑफिसात आम्ही दोघं. त्यातल्या तिने आकड्याला हात लावलेला नव्हता. ती घड्याळाकडे पाहून म्हणाली, "साडेबारा. साइटवरचा आखणीवाला कागद बघत नाही, फाईल यंत्रात घालतो आणि यंत्र दाखवेल तिथे खूण करतो. म्हणजे तिथे मोकळ्या जागेभोवती फळ्यांची चौकट एकशे अठ्ठावीसचीच ठोकलेली आहे."

आणि कंत्राटदार कागद बघतो. कागदावर एकशे चाळीस होतं, तेव्हा तो निर्धास्त होता. एका बाजूला बीम असल्यामुळे तिथलं तोडताच येत नाही, आणि दुसऱ्या बाजूचा स्लॅब नंतर फोडायचा तर सळया कापल्या जातात. एकदा काँक्रीट पडलं की बाईंची लिफ्ट संपली, आणि वरचा वर्गही.

मी कंत्राटदाराला फोन लावला. वाजत राहिला. काम चालू असताना तो फोन शर्टाच्या खिशात ठेवतो आणि शर्ट शेडमधल्या खिळ्यावर. पाच वेळा लावला. सहाव्यांदा लावेपर्यंत ताई पट्टी, टेप आणि वही पिशवीत घालून जिना उतरायला लागली होती.

खाली शिवणवाल्या बाई आरशांमध्ये बसल्या होत्या, चारी बाजूंनी त्याच. मी हसून काहीतरी सारवासारव करणार होतो, तेवढ्यात ताई त्यांच्यासमोर वाकली. "बाई, आराखड्यात चूक सापडलीय. लिफ्टची जागा कमी पडतेय. काँक्रीट पडायच्या आत दुरुस्त करायला निघालोय."

"किती कमी?"

"बारा सेंटिमीटर."

बाईंचा चेहरा उतरला. आयुष्य मापात गेलेलं, त्यांना बारा सेंटिमीटर म्हणजे काय ते समजावून सांगायला नको होतं. "अख्खा कपडा वाया जातो एवढ्याने," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "चूक कुणाची?"

"ते नंतर बघू. आधी दुरुस्ती," ताई म्हणाली, आणि मी गाडीची किल्ली शोधायच्या निमित्ताने खिसे चाचपत राहिलो.

साइट चाळीस मिनिटांवर. वाटेत एका पुलाचं काम निघालं होतं, तिथे गाड्यांची रांग. एक वाजता ताईच्या आईचा फोन आला, जेवलीस का म्हणून रोज याच वेळी यायचा. तिने पहिल्यांदाच तो उचलला नाही. मांडीवर वही घेऊन ती पेन्सिलने काहीतरी आखत होती. आता सांगावं, असं मला तीनदा वाटलं. तिन्ही वेळा पुढची गाडी हलली आणि मी गाडीच पुढे घेतली.

पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. मिक्सरची गाडी दारात उभी होती, पोट गरागरा फिरत होतं. तीनचा माल सव्वा तास आधीच आला होता, आणि पंपाचा पाइप वर गेलेला होता. ताई शिडीने चढली. साडीचा पदर खोचून, सळयांवर पाय जपून टाकत ती सरळ त्या फळ्यांच्या चौकटीपाशी गेली आणि टेप लावला.

"एकशे अठ्ठावीस," ती म्हणाली. "थांबवा."

कंत्राटदार आडव्या बांध्याचा माणूस, आवाज कायम बसलेला. तो म्हणाला, "बाई, कागदावर एकशे चाळीस आहे."

"कागद चुकलाय."

"गाडीत माल आहे. तो काय माझ्या सासऱ्यासारखा आरामात बसून राहणार नाही. दीड तासात घट्ट होतो."

"माहीत आहे. त्या टोकाकडून सुरुवात करा. हा कोपरा सगळ्यात शेवटी घ्या. तोवर सुतारांना इथे लावा. बीमची बाजू जिथे आहे तिथे राहू द्या, चौकटीची समोरची कड, कपाट येणार आहे त्या बाजूला, बारा सेंटिमीटर सरकवायची. वरची भिंतही तिकडेच सरकते, मी आखून आणलंय." तिने वही उघडून दाखवली. मग माझ्याकडे वळली. "साहेब, सळयांचं तुम्ही सांगा."

तेवढं मला सांगता आलं. दोन सळया सरकवा, कडेला चार जादा बांधा.

कंत्राटदाराने माणसांना हाका मारल्या, आणि मग ताईसमोर येऊन उभा राहिला. सगळे ऐकत होते. सुतार, सळईवाले, पंपावरचा माणूस. "कागद कुणाचा हा?" त्याने विचारलं.

"आमच्या ऑफिसचा."

"म्हणजे तुमचाच. तुम्हीच काढता ना? सगळ्या गावाच्या चुका शोधता, आणि स्वतःची फाईल बघायला वेळ नाही?"

ताईने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. ती म्हणाली, "टेपचं ते टोक धरा," आणि खाली बसली. मी चार हात लांब उभा होतो. मूग गिळून बसणं म्हणतात ते मी उभ्याने केलं.

काँक्रीट त्या टोकाकडून येत गेलं. इकडे सुतार फळ्या उखडत होते, ठोकत होते. ताई दर फळीला माप घेत होती, वरून, खालून, तिरकं. काँक्रीट आठ फुटांवर आलं, मग पाच. शेवटच्या कोपऱ्यातला खिळा ठोकून सुतार बाजूला झाला तेव्हा पाइपचं तोंड आमच्यापासून दोन हातांवर होतं. ताईने शेवटचा टेप लावला. एकशे चाळीस आणि वर अर्धा. "घ्या," ती म्हणाली, आणि तिथून उठताना तिला गुडघ्यावर हात टेकावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी तिची वही उघडून पाहिली. काय झालं, का झालं, काय केलं, तीन रकाने तिच्या बारीक अक्षरात भरलेले. शेवटचा कोरा.

पुढचे पाच आठवडे मी तो कोरा रकाना रोज पाहिला. ती वही उघडीच ठेवायची असं नाही, मीच उघडायचो. दरम्यान कंत्राटदाराने चार ठिकाणी गोष्ट सांगितली होती. पट्टीताईने लिफ्टची जागा चुकवली, तीही आकडा खोटा लिहून. आकडा खोटा लिहून, म्हणजे जे करू नका म्हणून ती लोकांच्या मागे लागायची तेच. हळूहळू तिचा फोन वाजेनासा झाला. मी ज्याला दवाखाना म्हणून हिणवायचो तो बंद पडला, आणि दुपारी खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. ती काम करत राहायची. एकदा नुसती म्हणाली, "लोकांची छपरं हल्ली गायब होत नाहीत वाटतं." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

लिफ्ट बसली त्या दिवशी बाईंनी आम्हाला बोलावलं. कंत्राटदार होता, दीर होता, लिफ्ट कंपनीचा माणूस दार उघडून उभा होता. ताईने सवयीने टेप काढला आणि दाराच्या कडेला लावला. कंत्राटदार हसला. "मोजा बाई, मोजा. या वेळी कागदावर पण तेच लिहा." दीरही हसला. ताई टेप गुंडाळत होती, मान खाली.

"तो आकडा मी टाकला होता," मी म्हणालो.

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. थांबलो असतो तर परत गप्प बसलो असतो, म्हणून बोलत राहिलो. "ताई रजेवर होती. भिंत हलवली तर सगळं विस्कटलं, मला जमेना. म्हणून आकडा हाताने लिहिला. चार महिने सांगितलं नाही, आणि त्या दिवशी स्लॅबवर तुम्ही तिला बोललात तेव्हाही नाही. ती चूक तिने शोधली. केली मी."

शिवणवाल्या बाई माझ्याकडे नाही, ताईकडे बघत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ऑफिसात आम्ही दोघंच," ताई म्हणाली. "आणि मी रजेवर."

"मग बोलला का नाहीत?"

"मी विचारलं होतं त्यांना." तिने पिशवीत हात घातला, पट्टी बाजूला सारून वही काढली, ते पान उघडलं आणि पेनासकट माझ्यापुढे धरली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रोज फोनवर असायचा तसाच होता. "नाव नीट लिहा साहेब. तुमचं अक्षर कुणाला लागत नाही."

मी वही लिफ्टच्या भिंतीला टेकवून लिहिलं. बाईंनी स्वतःच्या हाताने चाकं फिरवत खुर्ची आत घेतली, आणि म्हणाल्या, "झालं असेल तर बाजूला व्हा, मला वर जायचंय."